दुकानात आवडणारा लॅपटॉप

बारावीचा निकाल लागला की नात्यागोत्यात माझा भाव वधारतो. एरवी दिवाळीच्या फॉरवर्डपलीकडे ज्यांचं काही येत नाही त्यांचे फोन येतात, आधी मुलाचे पर्सेंटाइल, मग कॅप राउंडचं रामायण, कुठल्या कॉलेजचा कटऑफ कुठे जाऊन बसला ते, आणि मग फोन ठेवता ठेवता, "अगं, लॅपटॉप घ्यायचाय त्याला, कुठला घेऊ?" मी कॉम्प्युटर शिकलेली नाही. भाषांतरं करते, घरी बसून, दिवसभर लॅपटॉपसमोर असते, एवढ्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलंय की हिला त्यातलं कळतं. आणि इतक्या जणांनी विचारल्यावर थोडंफार कळायलाही लागतं, कारण उत्तर द्यायचं म्हणजे आधी वाचावं लागतं.

विचारणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक "कशाला उगाच" पंथ. पोरगं पहिल्या वर्षाला आहे, त्याला काय रॉकेट उडवायचंय का, सगळ्यात स्वस्त घेऊन टाकू. दुसरा "घेतोच आहोत तर" पंथ. घेतोच आहोत तर पाच वर्षं बघायला नको, घेतोच आहोत तर आय-सेव्हन प्रोसेसरवालाच घे, घेतोच आहोत तर ग्राफिक कार्डवाला घे. गंमत म्हणजे एकाच घरात नवरा एका पंथाचा आणि बायको दुसऱ्या, आणि फ्रिज घेताना बरोब्बर उलट. पण दोघांची समजूत एकच असते, की लॅपटॉपांची एक लांबच्या लांब रांग आहे, या टोकाला साधा, त्या टोकाला भारी, आणि जेवढे पैसे टाकाल तेवढं त्या टोकाकडे सरकायचं. तर तसं नाहीये. रांगा दोन आहेत, एक साधी, घरच्या गिऱ्हाइकाची, आणि दुसरी प्रोफेशनल, कंपन्यांना विकायची, जिला दुकानदार कमर्शियल म्हणतात, आणि शोरूममध्ये त्यातली एकच मांडलेली असते.

माझ्या जुन्या लॅपटॉपचं बिजागर गेलं तेव्हा मी या भानगडीत खोल शिरले. म्हणजे लॅपटॉप चालत होता, अगदी झकास चालत होता, फक्त उघडला की डाव्या कोपऱ्यातून कडकड आवाज यायचा आणि एक दिवस कोपऱ्याचं प्लास्टिक फाकून आतला हिंज बाहेर डोकवायला लागला. रिपेअरवाल्याने उघडून दाखवलं. हिंज लोखंडाचा, चांगला मजबूत, पण तो ज्या स्क्रूंनी बसवलेला असतो ते स्क्रू पितळेच्या बारक्या नटांत जातात आणि ते नट नुसत्या प्लास्टिकमध्ये रुतवलेले. झाकण उघडताना-मिटताना सगळा जोर त्या प्लास्टिकवर. हिंज जसजसा जाम होत जातो तसतसा जोर वाढतो आणि मग नट प्लास्टिकसकट उपटून येतात. "मॅडम, हिंजला काही झालं नाहीये, त्याला धरणारं काही राहिलं नाहीये," असं म्हणाला तो. अ‍ॅरल्डाइट भरून दिलं त्याने, वर "हळू उघडा" अशी ताकीद. अख्खी बॉडी बदलून मिळेल का म्हणून सर्व्हिस सेंटरला विचारलं तर हे मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या किमतीतल्या लॅपटॉपांची बिजागरं अशीच जातात, रिपेअरवाल्याच्या टेबलावर चार वेगवेगळ्या कंपन्यांचे फाकलेले कोपरे पडलेले होते.

मग शोरूम. ओळीने पंधरा-वीस लॅपटॉप, सगळे अर्धवट उघडे, स्क्रीनवर तेच ते निळ्या समुद्राचे व्हिडिओ, ब्राइटनेस फुल. शेजारी कार्ड. आय-फाइव्ह प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, पाचशे बारा जीबी एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची वेगवान चिप. पन्नास-पंचावन्नच्या आसपास. आणि मी जो नेटवर बघून ठेवला होता, काळा, जाडसर, दिसायला अगदी सरकारी, त्याचे आकडे काय, तर आय-फाइव्ह, सोळा जीबी, पाचशे बारा. किंमत मात्र नव्वदच्या पुढे. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं की बाबा रे, आकडे तर सेम आहेत, मग वरचे चाळीस हजार कशाचे? तो म्हणाला, "मॅडम, तो कमर्शियल आहे, तो आपण डिस्प्लेला ठेवत नाही." का ठेवत नाही? "तो लोकांना आवडत नाही."

हे वाक्य मी घरी घेऊन आले म्हणायला हरकत नाही, कारण सगळं त्यातच आहे. शोरूममधला लॅपटॉप हा पाच मिनिटांत आवडण्यासाठी केलेला असतो. गिऱ्हाईक उभ्या उभ्या बघणार, हातात घेणार, किती हलका आहे म्हणणार, कार्ड वाचणार, शेजारच्याशी तुलना करणार. त्यामुळे कंपनीने पैसे कुठे घालायचे हे ठरलेलं आहे: कार्डावर लिहिता येईल तिथे आणि डोळ्याला दिसेल तिथे. प्रोसेसरचा आकडा, पातळपणा, रंग. हिंजचे नट कशात रुतवलेत हे कार्डावर लिहीत नाहीत, की-बोर्डखाली पत्रा आहे का प्लास्टिक हेही लिहीत नाहीत. कमर्शियल लॅपटॉपचं गणित वेगळं, कारण तो वापरणारा माणूस तो विकत घेतच नाही. विकत घेतो कंपनीचा परचेसवाला, एकदम पाचशे-हजार नग, आणि त्याला रंगाशी काही देणंघेणं नसतं. त्याची चिंता एवढीच, की तीन-चार वर्षांत यातले किती बंद पडणार, बंद पडला तर किती वेळात चालू होणार, आणि तोवर पगार घेणारा माणूस हातावर हात ठेवून किती दिवस बसणार. एसटीची गाडी बघा. महामंडळ ती प्रवाशाला आवडावी म्हणून घेत नाही, सीटवर बसून पाठ धरते ती धरते, पण कुठल्याही डेपोत नेली की तिथल्या मेकॅनिकला ती तोंडपाठ असते आणि पार्ट रॅकवर असतो.

थिंकपॅड हे या जातीचं सगळ्यात जुनं नाव. आयबीएमने १९९२ साली आणला, डिझाइन रिचर्ड सॅपर नावाच्या जर्मन माणसाचं, जपानी जेवणाच्या काळ्या लाकडी डब्यावरून सुचलेलं, आणि की-बोर्डच्या मधोमध माउससारखा वापरायचा तो लाल ठिपका. २००५ मध्ये लेनोव्होने आयबीएमचा पीसीचा धंदाच विकत घेतला तरी काळा रंग आणि लाल ठिपका राहिला. डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हे त्याच रांगेतले. (२०२५ च्या सुरुवातीला डेलने लॅटिट्यूड हे नाव गुंडाळून "डेल प्रो" असं केलं, आणि त्यातही पुन्हा प्लस, प्रीमियम, म्हणजे जे नावावरून ओळखता येत होतं तेही गेलं.) हिंजवडीच्या बसमध्ये मांडीवरच्या काळ्या सॅकमधून जे बाहेर येतात ते बहुतेक हेच. दिसायला सगळे सारखे कंटाळवाणे.

आतून मात्र हे मशीन वेगळं असतं. हिंज धातूच्या फ्रेमला धरलेला. खालचं झाकण साध्या स्क्रूंनी निघतं. बऱ्याच मॉडेलांच्या की-बोर्डखाली पाणी खाली वाहून जायला वाट ठेवलेली असते, म्हणजे चहा सांडला तर सरळ मदरबोर्डवर जात नाही (सांडून बघू नये). सर्व्हिस मॅन्युअल नेटवर फुकट, कुठला स्क्रू आधी काढायचा इथपासून प्रत्येक पार्टचा नंबर. बॅटरी मागवता येते, की-बोर्ड मागवता येतो. आणि ऑनसाइट वॉरंटी, इंजिनिअर घरी येतो. अर्थात "नेक्स्ट बिझनेस डे" हे पुण्या-मुंबईत जितकं खरं असतं तितकं तालुक्याच्या गावी असेलच असं नाही, आपला पिनकोड सांगून आधी विचारून घ्यावं.

आणि "मिलिटरी ग्रेड"चा स्टिकर. याला मात्र भुलायचं नाही. एमआयएल-एसटीडी ८१० हे अमेरिकन संरक्षण खात्याचं स्टँडर्ड आहे खरं, पण त्यात चाचण्यांची लांबलचक यादी आहे आणि त्यातल्या कुठल्या करायच्या, कशा करायच्या हे लॅपटॉप बनवणारी कंपनीच ठरवते. सैन्याने येऊन काही तपासलेलं नसतं. हल्ली तो स्टिकर स्वस्तातल्या लॅपटॉपवरही असतो.

आता मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही म्हणून जरा पाल्हाळ लावते. की-बोर्ड. इंग्रजी टाइप करणाऱ्याला उजवीकडच्या कडेची बटणं क्वचित लागतात, कंस, अर्धविराम, तिरकी रेघ वगैरे, त्यामुळे स्वस्त लॅपटॉपात जागा कमी पडली की तीच बटणं अर्धी करून टाकतात. पण इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठीची सरकारमान्य की-बोर्ड मांडणी, वापरत असाल तर ती कडेची बटणं म्हणजे आपली नेहमीची अक्षरं. च आणि ट एंटरच्या लगेच अलीकडे. ड वरच्या ओळीत कंसाच्या जागी. य खाली तिरक्या रेघेवर, आणि मराठीत य सतत लागतो. आणि ॉ, म्हणजे डॉक्टर, ऑफिस, कॉलेज, खुद्द लॅपटॉपमधला ॉ, तो एंटरच्या डोक्यावरच्या बटणावर. तेच बटण नेमकं बारीक केलेलं असतं किंवा दुसरीकडे ढकललेलं असतं. शिवाय ख, घ, थ, ध, भ ही सगळी महाप्राण मंडळी शिफ्ट दाबून येतात, म्हणजे शिफ्टचं बटण आखूड असलं की करंगळीची वाट लागते. फोनेटिक वापरणाऱ्यांना, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्यांना, यातलं काही जाणवणार नाही, ते सुखी लोक आहेत.

दुसरं म्हणजे स्क्रीन. देवनागरीत अक्षराच्या वर, खाली, पुढे, मागे सगळीकडे काहीतरी लटकत असतं. उत्कृष्टचं उत्कृष्ठ झालंय की नाही हे बारा पॉइंटमध्ये दिसण्यासाठी स्क्रीनवर तेवढे ठिपके तरी हवेत ना. १३६६ बाय ७६८ च्या जुन्या पॅनेलवर ष्ट आणि ष्ठ, द्य आणि ध्य हे जवळजवळ सारखे दिसतात, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात आणि तुम्ही झूम वाढवून वाढवून प्रूफं बघत बसता. चौदा इंचाच्या त्या पॅनेलवर एका इंचात साधारण ११२ ठिपके पडतात, १९२० बाय १२०० ला १६२ च्या आसपास. उंचीही जास्त, मुळातल्या परिच्छेदाखाली भाषांतराच्या दोन-तीन ओळी जास्त दिसतात. माझ्या कामाला प्रोसेसरपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं, आणि कार्डावर याचा उल्लेख फार तर "एफएचडी" एवढाच.

पण इथे कमर्शियलवाले फार मोठे आहेत असं समजू नका. परचेसवाल्याला जसं रंगाचं काही पडलेलं नाही तसं तुमच्या डोळ्यांचंही पडलेलं नाही. थिंकपॅड टी-४८० हा २०१८ चा लॅपटॉप, आजही लोक ज्याचे गोडवे गातात, दोन बॅटऱ्या, एक आतली आणि एक बाहेरून काढता येणारी, मशीन चालू असताना बदला. पण त्यातही १३६६ बाय ७६८ चं मंद पिवळट पॅनेल यायचं, आणि कंपन्यांनी तेच उचललं कारण ते स्वस्त होतं. म्हणजे त्या रांगेतही काटकसर आहेच, फक्त ती तिथे आहे जिथे कंपनीचं नुकसान होत नाही.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात सांगते कारण त्यात लोक नको इतके अडकतात. आय-फाइव्ह, आय-सेव्हन यापेक्षा शेवटचं अक्षर बघावं. यू असेल तर साधारण १५ वॅटचा, एच असेल तर ४५ वॅटचा. यूवाला आय-सेव्हन आणि एचवाला आय-फाइव्ह यात जड कामाला बरेचदा आय-फाइव्हच पुढे असतो, फक्त पंखा ओरडतो आणि बॅटरी लवकर बसते. एएमडीचं आणखी मजेशीर. रायझन ५ ७५२०यू, नाव वाचून ७००० सीरीज, नवीनच की. पण त्यातला तिसरा आकडा दोन म्हणजे आतली रचना झेन-टू, जी पहिल्यांदा २०१९ मध्ये आली. टायपिंग, ब्राउझर याला तो चालतो, प्रश्न तो नाही, पण "लेटेस्ट आहे सर" म्हणून विकला जातो ते डोक्यात जातं. आणि रॅम. पातळ लॅपटॉपात रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणजे आठ घेतली की आयुष्यभर आठ. अगदी पातळ कमर्शियल मॉडेलांतही असंच असतं, तेव्हा "एक स्लॉट मोकळा आहे का" हा प्रश्न दोन्हीकडे विचारायचाच.

मग मी नव्वद हजारवाला घेतला का? नाही. कारण ती किंमत मुळात माझ्यासाठी नाहीच. कंपनी पाचशे नग घेते तेव्हा भाव वेगळा लागतो, वरून भरलेला १८ टक्के जीएसटी तिला इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो, घसारा दाखवता येतो. मी एक नग घेणार, छापील भावात, जीएसटी माझ्याच डोक्यावर. लॅपटॉप तोच, पण त्यांना तो जेवढ्याला पडतो त्याच्या जवळपासही मला पडत नाही. इथे "घेतोच आहोत तर" पंथाने जरा थांबावं.

पण कंपन्या हेच लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात, लीज संपली की लॉटच्या लॉट बाहेर पडतो, आणि तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर येतो, दिल्लीत नेहरू प्लेसला येतो, पुण्यात रिफर्बिशवाल्यांच्या, म्हणजे जुनं दुरुस्त करून विकणाऱ्यांच्या दुकानात येतो. लॅमिंग्टन रोडला ग्रँट रोड स्टेशनवरून चालत गेलं की जिन्याखालच्या गाळ्यातसुद्धा एकावर एक रचलेले काळे लॅपटॉप दिसतात. चाळीसच्या आतबाहेर, ज्या पैशात शोरूममध्ये जेमतेम साधा येतो, तेवढ्यात एकेकाळचा लाखाचा. "साधा की प्रोफेशनल" याचं मला पटलेलं उत्तर हे, नवा साधा किंवा जुना प्रोफेशनल. नवा प्रोफेशनल ज्याला ऑफिसातून मिळतो त्याने खुशाल वापरावा.

अर्थात जुनं घेताना डोळे उघडे हवेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे आय-सेव्हन बाजारात अगदी मातीमोल आलेत आणि दुकानदार "आय-सेव्हन आहे, वीसच्या आत देतो" म्हणून गळ्यात मारतात. त्यात काहीतरी करून विंडोज ११ घालूनही देतात, पण पुढचे अपडेट येतील याचा भरवसा नाही. विंडोजऐवजी लिनक्स टाकणार असाल तर खुशाल घ्या, नाहीतर सोडून द्या. दुसरं, बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगला, आधीच्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना हे दुकानातच रीस्टार्ट करून बघायचं. तिसरं, बॅटरी रिपोर्ट काढायला सांगायचा, मूळ क्षमता किती आणि आता किती उरलीय हे त्यात सरळ लिहिलेलं असतं, दुकानदार काढत नसेल तर दुसरं दुकान. आणि चौथं आमचं मराठीवाल्यांचं: युरोपातून आलेले लॉट असतात, त्यांचा एंटर उभा असतो, डावा शिफ्ट आखूड असतो, दुकानदार अक्षरांवर स्टिकर चिकटवून देतो, दिसायला सगळं ठीक. पण स्टिकरने बटण हलत नाही. ॉ खाली ट आणि एंटरच्या मध्ये येऊन बसतो, आणि डॉक्टर लिहिता लिहिता दर वेळी एंटर दाबला जातो. मी घेतला तो साध्या आडव्या एंटरचाच बघून घेतला, स्क्रीन १९२० बाय १२०० ची, रॅमचा एक स्लॉट मोकळा, झाकणावर कुठल्या तरी कंपनीचा ॲसेट नंबरचा स्टिकर काढल्याचा डाग. बॅटरी नवी टाकली. वॉरंटी दुकानदाराची सहा महिन्यांची, म्हणजे त्याच्या शब्दाची.

हे सगळं ऐकून सांगलीची ताई म्हणाली, मग आमच्या याला पण असाच घेऊन दे. तर नाही. भाचा आर्किटेक्चरला गेलाय, पाच वर्षं. पहिल्या वर्षी हातानेच ड्रॉइंग, शीट, मॉडेलं, पण पुढे रेव्हिट, स्केचअप, लुमिऑन ही इमारतींच्या डिझाइनची सॉफ्टवेअरं येणार, आणि लुमिऑनला स्वतंत्र ग्राफिक कार्ड लागतंच. त्याला माझ्यासारखा सज्जन काळा लॅपटॉप उपयोगाचा नाही. खऱ्या अर्थाने त्याच्या धंद्यासाठी बनवलेले म्हणजे वर्कस्टेशन, ज्यात सॉफ्टवेअर कंपन्यांकडून तपासून घेतलेले ड्रायव्हर असलेली कार्डं येतात, त्यांच्या किमती विचारू नका, आणि विद्यार्थ्याला त्या तपासणीची गरजही नसते. म्हणून आर्किटेक्चरची पोरं सर्रास गेमिंग लॅपटॉप घेतात. भाओजींना हे पटवताना नाकी नऊ आले. "गेमिंग? म्हणजे अभ्यास सोडून गेमच खेळणार ना?" खेळेल की, रेंडर, म्हणजे इमारतीचं चित्र, तयार व्हायला लावलं की तेवढा वेळ त्याने करायचं काय. यातही एक खोच आहे. आरटीएक्स ४०६० म्हणून जे कार्ड लॅपटॉपात येतं ते ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा कंपनीला असते, नाव तेच. पातळ सुंदर लॅपटॉपात ते दमलेलं असतं, जाड्या लॅपटॉपात मोकळं पळतं, आणि वॅटचा आकडा स्पेसिफिकेशनच्या पार तळाला असतो. भाच्याला पातळ हवा होता. "मावशी, तो जाडा वाला किती डाउनमार्केट दिसतो." मी म्हटलं, बाळा, शीटा आणि टी-स्क्वेअर घेऊन बसमध्ये चढणाऱ्याला अपमार्केट कोण म्हणणार आहे. मॅक का नाही हेही झालं. रेव्हिट मॅकवर येत नाही, विषय संपला.

मॅकचं मात्र एक कबूल करायला हवं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलचा स्वतःच्या एम-वन चिपवाला मॅकबुक एअर आला आणि साधा-भारी या वादातली हवाच काढून घेतली त्याने. पंखासुद्धा नाही आत, आणि वर्षभरापूर्वीच्या महागड्या मशीनना घाम फोडला. उलट ऑक्टोबर २०२३ ला जो चौदा इंची "प्रो" आला, भारतात दीड लाखाच्या पुढे, त्यात बेसला रॅम आठच जीबी. वर्षभराने त्यांनी सगळीकडे सोळा केली. झाकणावर प्रो लिहिलंय यावर माझा तेव्हापासून काडीचा विश्वास नाही.

आणि साध्या लॅपटॉपची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, कारण नेटवर लिहिणारे सगळे माझ्यासारखे दिवसभर त्याच्यासमोर बसणारे असतात आणि आपल्या गरजा जगाच्या डोक्यावर मारतात. बाबांना मी पंचेचाळीसच्या आतला घेऊन दिलाय. आय-थ्री, आठ जीबी, एसएसडी, साडेपंधरा इंची मोठा स्क्रीन. सोसायटीचे हिशोब, बँक, नातवाशी व्हिडिओ कॉल, आणि यूट्यूबवर कुमार गंधर्वांच्या जुन्या मैफिली. तो टेबलावरून हलत नाही, दिवसातून एकदा उघडतो आणि एकदा मिटतो, त्याच्या हिंजला काय होणार आहे. इथे कमर्शियल घेणं म्हणजे निव्वळ पैसे उडवणं. सहा-सात वर्षांपूर्वी साधा लॅपटॉप खरंच छळायचा, चार जीबी रॅम आणि ५४०० आरपीएमची हार्डडिस्क, चालू केला की चहा करून यावा तरी डिस्क शंभर टक्क्यांवर. एसएसडी आली आणि ते दुखणं गेलं. फक्त सेलेरॉन हा अगदी खालचा प्रोसेसर आणि एसएसडीऐवजी ६४ जीबी ईएमएमसी ही मंद साठवण असलेले जे सगळ्यात स्वस्तात येतात त्यांच्या वाटेला जाऊ नये, विंडोजचे अपडेट मावायलाच तिथे जागा उरत नाही. बाबांना एकच तक्रार, की त्यावर मराठीत लिहिताना बटणं लहान वाटतात. ते इन्स्क्रिप्टवाले आहेत, रक्तातच आहे आमच्या, त्यांना पाचशे रुपयांचा बाहेरचा की-बोर्ड लावून दिला.

हल्ली फोन आला की मी बजेट विचारत नाही आधी. विचारते, रोज किती तास, सॅकमधून नेणार की टेबलावर राहणार, बंद पडला तर किती दिवस थांबता येईल. शेवटच्या प्रश्नावर लोक गप्प होतात, कारण लॅपटॉप घेताना तो बंद पडण्याचा विचार अपशकुनासारखा वाटतो. पण भाषांतराची डेडलाइन सोमवारी असते आणि सर्व्हिस सेंटरवाला "पार्ट मागवलाय, पंधरा दिवस" म्हणतो, तेव्हा वाचवलेले चाळीस हजार कुठे गेले ते बरोबर कळतं. ज्याला पंधरा दिवस थांबता येतं त्याने बिनधास्त साधा घ्यावा.

परवा नणंदेच्या लेकीचा फोन होता, मास मीडियाला गेलीय. मी सगळं सांगितलं, हिंज, स्लॉट, यू आणि एच, पॅनेल. अर्धा तास. ती हूं हूं करत होती, मधेच "थांब मामी, लिहून घेते" पण म्हणाली. रविवारी फोटो आला, रोझ गोल्ड रंगाचा, कडेकडेने चमचमता, रॅम सोल्डर केलेली, वर मांजराचा स्टिकर लावूनही झाला होता. खाली मेसेज, "मामी, स्लॉट नाहीये पण किती गोड आहे ना?" मी स्पेसिफिकेशन काढून बघितलं. सोळा जीबी होती, पॅनेलही बरं होतं. गोड आहे, असं कळवलं, आणि वॉरंटी एक वर्षाने वाढवून घे, नव्वद दिवसांच्या आत घेतलीस तर स्वस्त पडते का ते दुकानात विचार, हेही.